आमच्या रांजणातलं पाणी

त्या उन्हाळ्यात मला आरशाची भीती वाटायची. दाराच्या चौकटीला दादांच्या दाढीचा तळहाताएवढा आरसा खिळ्याला टांगलेला असे. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. सकाळी उठलं की तोंड धुवायच्या आधी मी त्या आरशासमोर उभी राहायचे, बोटाने खालची पापणी ओढायचे आणि डोळ्यातलं पांढरं पांढरंच आहे ना, ते बघायचे. मग गजूला, माझ्या सहा वर्षांच्या भावाला, ओट्यावर उन्हात आणून त्याच्या पापण्या ओढायचे. तो माझा हात झटकायचा आणि घरात तोंड करून ओरडायचा, "माय, ही बघ ना." आई, म्हणजे आमची माय, चुलीपुढे भाकरी थापत असायची. थापायचा आवाज तेवढ्यापुरता थांबायचा. मी "ठीक आहे" म्हटलं की पुन्हा सुरू व्हायचा. गावात कावीळ आली होती. वरच्या आळीत नऊ जण पडले होते, आणि सुभद्राकाकूंची पोटुशी सून नांदेडच्या दवाखान्यात गेली ती परत आली नव्हती.

आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडे, सडकेपासून आत. ते दिवस हळदीचे होते. शेतातून निघालेली हळद मोठ्या कढयांत शिजवून खळ्यावर वाळत घातलेली असे. तिचा ओला, मातकट, थोडा औषधासारखा वास गावभर भरून राहायचा. वाळलेली हळकुंडं घासताना जी धूळ उडायची ती बायांच्या तळव्यांवर, नखांत, लुगड्यांच्या काठांवर आणि लेकरांच्या गुडघ्यांवर बसायची. त्यामुळे कुणाला कावीळ झाली हे हातापायांवरून ओळखायची सोय नव्हती, सगळे सारखेच पिवळे. डोळे तेवढे खरं सांगायचे. आणि बाहेर हळदीच्या अशा राशी पडलेल्या असताना चुलीवर मात्र हळद चढत नव्हती. काविळीच्या माणसाला हळद आणि तेल वर्ज्य. पण त्या वर्षी भीतीपोटी धडधाकट घरांनीही हळद सोडली होती. तुरीचं वरण पांढरंफट दिसायचं. आम्ही ते बिनफोडणीचं वरण, ज्वारीची भाकरी, मुरमुरे आणि फुटाणे खायचो, आणि खाताना एकमेकांच्या डोळ्यांकडे बघायचो. मी बारा वर्षांची होते. आज मी हिंगोलीत सरकारी दवाखान्याचं औषध भांडार सांभाळते. कुठल्या फळीवर काय आहे, किती आहे, कधी संपणार आहे, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. सोबतचे लोक माझ्या याद्यांना हसतात. त्या याद्या मी कुठे शिकले हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

माय गावची सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा भावकीने तिचा फॉर्म भरला. कारभार दादांनी करायचा हे ठरूनच. "सही तुझी, बाकीचं मी बघतो," दादा म्हणाले. "बाकीचं म्हंजे काय काय, ते तरी सांगा," माय म्हणाली. दादांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने आणखी विचारलं. महिनाभर रोज विचारत राहिली, शेवटी दादाच कंटाळले आणि म्हणाले, "तूच जात जा मग." माय चौथी शिकलेली. तिला वाचता यायचं, लिहायला वेळ लागायचा. म्हणून संध्याकाळी पीठ मळता मळता ती सांगायची आणि मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. एक, शाळेच्या पत्र्याचं पत्र. दोन, विहिरीचा कठडा. तीन, पावडरीचा डबा मागवणे. काम झालं की ती पिठाच्या बोटाने ओळीवर रेघ ओढायची. त्या पानांवर अजून पिठाचे डाग आहेत.

पावडर म्हणजे पाणी शुद्ध करायला विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. कावीळ आल्यावर आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर आल्या, तेव्हा त्यांनी डब्याचं झाकण उघडून पाहिलं आणि पंचायतीच्या शिपायाकडे पाहिलं. शिपाई जमिनीकडे बघत राहिला. डबा जवळजवळ भरलेलाच होता. त्या दिवसापासून विहिरीत पावडर टाकायचं काम मायने स्वतःकडे घेतलं. ती पहाटे उठून बादलीत पावडर कालवायची, निवळ वरचं पाणी विहिरीत सोडायची, आणि घरी यायची तेव्हा तिच्या पदराला असा उग्र वास असायचा की गजू नाक धरायचा. तिची बोटं फुटली, चटणी वाटताना आग व्हायची. चार दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, लोकांसमोर तपासणी करू, म्हणजे त्यांचा विश्वास बसेल. मारुतीच्या पारावर सगळं गाव जमलं. सिस्टरने काचेच्या नळीत विहिरीचं पाणी घेतलं, त्यात बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकले आणि नळी हलवून उंच धरली. पाणी पिवळं झालं.

पारावरचे सगळे त्या नळीकडे बघायला लागले. मग एक म्हातारे म्हणाले, "निघाली." एवढाच शब्द. पण तो सगळ्यांना कळला, मलाही. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक माणूस होता. तो रोग्याच्या हातांना चुन्याची निवळी चोळायचा आणि परातीत हात धुवायचा. परातीतलं पाणी पिवळं होत जायचं, तीच अंगातून निघालेली कावीळ. आमच्या गावातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी त्या परातीपुढे बसून आलेलं होतं. पाण्यात पिवळं उतरलं म्हणजे काय, हे आम्हाला सिस्टरने सांगायची गरज नव्हती. सिस्टर घाईघाईने म्हणाल्या, "अहो, पिवळं झालं म्हणजे चांगलं. म्हणजे पाण्यात औषध आहे." तेव्हा सुभद्राकाकू पुढे आल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "पिवळं म्हंजे चांगलं का सिस्टर? मग माझ्या सुनंचे डोळे काय चांगले झाले होते?" सिस्टरने नळी खाली घेतली. 

दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर कुणी आलं नाही. बाया घागरी घेऊन ओढ्यात जाऊ लागल्या. कोरड्या ओढ्याच्या वाळूत हाताने खड्डा उकरला की पाणी झिरपतं, त्याला आमच्याकडे झिरा म्हणतात. पाणी दिसायला काचेसारखं, गार, गोड. पण झिऱ्याच्या वरच्या अंगाला म्हशी बसायच्या आणि त्याच्याही वर माणसं टमरेल घेऊन जायची. सिस्टर सांगून थकल्या. आणखी चार जण पडले. माय रोज सकाळी विहिरीच्या कठड्यावर उभी राहायची, पोहरा ओढायची आणि झिऱ्याकडे निघालेल्या बायांदेखत तीन ओंजळी पाणी प्यायची. कुणीतरी जाता जाता म्हणायचं, "हिचं काय बाई, ही कुर्चीसाठी इख बी पचवंल." बाकीच्या हसायच्या. मी कठड्याला टेकून उभी असायचे आणि मायच्या घशाकडे बघायचे, एकेक घोट कसा खाली जातो ते. मला सिस्टरचं म्हणणं पाठ होतं आणि ते बरोबर आहे हेही माहीत होतं. तरीही त्या नळीचा रंग डोळ्यापुढून जात नव्हता.

मग एके सकाळी सुभद्राकाकू पाच-सहा बायांना घेऊन आमच्या अंगणात आल्या. नात्याने त्या मायच्या थोरल्या चुलत जाऊ. माय भाकरी थापत होती. दादा ओट्यावर बैलाचं दावं वळत बसले होते.

"बसा की अक्का," माय म्हणाली.

"बसाया न्हाई आले. कौसे, तू विहिरीवर पाणी पितीस ते आमी रोज पाहून राहिलो. घरी आल्यावर कुठलं पितीस?"

मायचा हात थांबला.

"रांजणात कुठलं पाणी हाय ते सांग फकस्त."

"मळ्यातलं," माय म्हणाली.

हे खरं होतं. मळ्यात आमची विहीर होती, दादा दिवसाआड बैलगाडीवर टाकी भरून आणायचे. ज्यांना मळा होता ते सगळे असंच करायचे. यात काही लपवलेलं आहे असं आम्हाला त्या सकाळपर्यंत वाटलंच नव्हतं.

"आमच्या मळ्याचं पाणी आमी पितो," दादा म्हणाले. "त्यात कुणाची चोरी केली?"

"चोरी न्हाई भावजी. आमाला मळा न्हाई, येवढंच." काकूंनी गजूकडे पाहिलं. तो उंबऱ्यात बसून मुरमुरे खात होता. "ह्या लेकराला विहिरीचं पाजा. तुमच्या घरात तेच पाणी भरा. आमी बी झिरा सोडतो, मी सांगते समद्यांला. माझ्या घरचा जीव गेला, कौसे. तू गिलासभर पाणी तर पाज."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. माय उठली, तिने तवा उतरवला, हात धुतले आणि कोपऱ्यातला रांजण दोन्ही हातांनी धरून कलंडवला. पाणी सारवलेल्या जमिनीवरून वाहत उंबऱ्याशी आलं आणि बायांच्या पायांपर्यंत गेलं. मग तिने माझ्या हातात घागर दिली. "जा, विहिरीवरून भरून आण."

विहिरीपासून घरापर्यंत एक उतार, एक दगडी पायरी आणि गटारावरची फळी आहे. डोक्यावर भरली घागर घेऊन येताना मी या तिन्ही जागा मनात मोजत होते. पायरीवर ठेच लागली असं दाखवता येईल. फळीवर पाय घसरला असं दाखवता येईल. पण मागे दोन बाया चालत होत्या, आणि घागर फुटली तर दुसरी भरावी लागणार हेही मला कळत होतं. मी घरी आले. माय आधी ग्लासभर पाणी स्वतः प्याली, मग तिने मला दिलं. पाण्याला पावडरीचा वास होता. मी डोळे मिटून प्याले. तिसरा ग्लास तिने गजूपुढे धरला, तेव्हा दादांनी गजूचं मनगट पकडलं.

"सरपंचकी तू घेतलीस," ते म्हणाले. "ह्यानं न्हाई घेतली."

"मग गावातल्या लेकरांनी तरी कुठं घेतली?" माय म्हणाली.

दोघांपैकी कुणाचाही आवाज मोठा नव्हता. दादांनी हात सोडला की गजूने सोडवून घेतला, मला आजही नक्की सांगता येणार नाही. एवढे लोक आपल्याकडे बघताहेत याचीच त्याला मजा वाटत होती. तो गटगट सगळं पाणी प्याला आणि त्याने ग्लास पुढे केला. "अजून दे."

"वास येऊन राहिला का रे?" एका बाईने विचारलं.

"दवाखान्यावानी," गजू म्हणाला, आणि बाया हसल्या. दुपारपर्यंत विहिरीवर रांग लागली.

दादा त्या दिवसापासून मायशी बोलले नाहीत. ते ताटावर बसायचे, जेवायचे, उठायचे. मी गणिताच्या वहीत एक नवीन पान काढलं आणि उभ्या रेघा मारल्या. वार, डोळे, नखं, लघवी, भूक. गजू लघवीला गेला की मी मागे जायचे. तो दगड मारायचा. नखांतली हळद मी राखेने घासून काढायचे, म्हणजे खालचा रंग दिसावा. रोज पानावर पाच खुणा झाल्या की त्या दिवसापुरती मी वही मिटायचे. दुसऱ्या सकाळी पुन्हा उघडायचे. शाळेत बाई काय शिकवतात ते मला ऐकू यायचं नाही. बाकी गावात नवीन माणूस पडलेला नव्हता, विहिरीवर पुन्हा पोहऱ्याचे आवाज येत होते, बाया मायला वाटेत थांबवून बोलत होत्या. आमच्या घरात मात्र सगळे गजूच्या जेवणाकडे बघत बसायचे.

बाराव्या सकाळी त्याने भाकरी सरकवून दिली. मी त्याला ओट्यावर आणलं. त्याने हात झटकला नाही, मान माझ्या खांद्यावर टाकली. डोळ्यांचं पांढरं जुन्या वहीच्या कागदासारखं झालं होतं. मी पानावर काही लिहिलं नाही. लिहिलं की खरं होईल असं मला वाटत होतं. त्याला आत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं आणि म्हटलं, कुणी आलं तर डोळे मिटून घे. दुपारपर्यंत मी ते कुणालाही सांगितलं नाही. त्या चार-पाच तासांत मी दोनदा अंगण झाडलं, भांडी दोनदा घासली. मला गजूसाठी भीती वाटत होतीच, पण गावाची त्याहून जास्त वाटत होती. हे लोकांना कळलं तर काय होईल, ते आमच्या दारात येऊन काय म्हणतील, मायचं काय करतील. शेवटी दुपारी विहिरीचा कठडा लिंपून घेत असलेल्या मायजवळ मी गेले आणि तिच्या कानात सांगितलं.

तिने हातातला चिखल खाली ठेवला. "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला न्हाई."

घरी येऊन तिने गजूचे डोळे पाहिले. मग मळ्यातून दादांना बोलावून घेतलं. दादांनी गजूला खांद्यावर घेतलं, मी कपड्यांची पिशवी आणि ती वही घेतली. हिंगोलीकडे जाणारी जीप फाट्यावर मिळायची. माय अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि थांबली.

"चल," दादा म्हणाले. बारा दिवसांत तिच्याशी बोललेला पहिला शब्द.

"मी आले तर विहीर बंद पडती. उद्या समदं गाव झिऱ्यावर जाईल."

"जाऊ दे."

 गजू दादांच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता. आम्ही वळणापर्यंत गेलो तरी ती तिथेच होती, चिखलाचे हात अंगापासून लांब धरून.

तिथून ती सरळ विहिरीवर गेली, हे मला नंतर सुभद्राकाकूंनी सांगितलं. संध्याकाळच्या पाण्याला बाया जमल्या होत्या. माय कठड्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या गजूला कावीळ झाली. हिंगोलीला नेलं. विहिरीत पावडर टाकलेली हाय, सिस्टर म्हंत्यात पाणी चांगलं हाय, मी हेच पिऊन राहिले. आता तुमी ठरवा." तिला हे लपवता आलं असतं, दोन-चार दिवस तरी.  मग काकूंनीच आपली घागर विहिरीत सोडली. "तिच्याकडं लपवाया काय उरलंच न्हाई, मग म्या तिचं काहून ऐकू नये?" काकू मला म्हणाल्या. गाव झिऱ्यावर गेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या चार बाया माझ्याकडे आल्या होत्या. या वेळी नोकरी सोडून निवडणुकीला तुम्ही उभ्या राहा, म्हणाल्या, तुम्ही शिस्तीच्या आहात. मी विचार करते म्हटलं आणि सवयीप्रमाणे कागद घेतला. पुढारी गावात सभेला येतात तेव्हा व्यासपीठावर त्यांच्यापुढे सीलबंद पाण्याच्या बाटल्या मांडलेल्या असतात. मी आधी तिकडे बघते, भाषण नंतर ऐकते. ज्याला लोकांचं पाणी बघायचं आहे त्याने तेच पाणी प्यावं, त्याच्या लेकरांनी लोकांच्याच शाळेत बसावं, आजारी पडल्यावर त्याच दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन. त्याची झोप, त्याची शेती, त्याचा मोठेपणा, हे सगळं लोकांनी मागावं आणि त्याने द्यावं. पण त्या कागदावर हे लिहून झाल्यावर मला दादांचा हात दिसतो, गजूच्या मनगटावरचा. तो हात चुकीचा होता असं मला म्हणता येत नाही. मायचं उत्तर चुकीचं होतं असंही म्हणता येत नाही. त्या बायांना मी अजून काही कळवलेलं नाही.

त्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले? दादांना सांगता येईना. मी वही पुढे केली. त्यांनी ते रेघांचं पान वर-खाली वाचलं आणि विहिरीचं पाणी कधीपासून प्यायला लागलात ते विचारलं. बारा दिवस, मी म्हटलं. ते म्हणाले, मग हे त्या पाण्याचं नाही. हा रोग अंगात शिरल्यावर बाहेर दिसायला त्याहून जास्त दिवस लागतात, बहुतेकदा महिनाभर. हा आधी कुठलं पाणी प्यायचा? गजूने दादांकडे बघत हळूच सांगितलं, वासरं पाण्यावर नेली की सगळी पोरं झिऱ्याचं पाणी पितात, तोही प्यायचा. मला इतकं हायसं वाटलं की मी पलंगाची दांडी धरली. मायची चूक नव्हती. ते माझ्या वहीतच होतं, माझ्याच अक्षरात.

माय पाचव्या दिवशी आली, सकाळच्या गाडीने. तोवर गजू उठून बसायला लागला होता. मी तिला दारातच गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं, बारा दिवस, महिना, झिरा, वही. तिने नीट ऐकून घेतलं.

"खरं हाय," ती म्हणाली. "पर त्या सकाळी मला हे कुठं म्हाईत होतं?"

ती आत आली आणि गजूच्या पायाशी बसली. त्याचे पाय मांडीवर घेऊन चोळत राहिली. थोड्या वेळाने गजू म्हणाला, "माय, पाणी." फळीवर तांब्या आणि ग्लास तिच्या हाताशीच होते. तिने हात लांब केला. ग्लासापर्यंत गेलेला तो हात तिने परत आणून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "दे गं त्याला."

गजू आता अडतीस वर्षांचा आहे, त्याला दोन मुली आहेत आणि ती सकाळ त्याला आठवतही नाही. माय सत्तरीला टेकली. तो कामावरून येतो, ओट्यावर टेकतो आणि सवयीने तिलाच हाक मारतो, माय, पाणी दे. ती गुडघ्यावर हात ठेवून उठते, आत जाते, तांब्या भरते आणि सुनेच्या हातात देते.